प्रभावहिनींचे चार दिवस

२ मार्च, सोमवार. वर्षाच्या तिखटाच्या पाच किलो मिरच्या गच्चीवर वाळून कडकडीत झाल्या आहेत आणि मी त्यांची देठं खुडत बसले आहे. दवाखान्यातून आजची रजा काढली ती ह्याच कामासाठी. अकराच्या सुमारास महिला मंडळाच्या अध्यक्षबाई धापा टाकत जिना चढून वर आल्या. आठ तारखेला माझा सत्कार आहे, स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून हवीत, म्हणाल्या. विषय त्या ठरवूनच आल्या होत्या.

"मुळ्यांच्या घरातलं बाजूला बसणं तुम्ही बंद केलंत ना, शैलाताई, तेच लिहा. आता प्रभावहिनी नाहीत, त्यांनाही तेवढीच श्रद्धांजली होईल."

मी हो म्हटलं. हे दोन पानांत मावणार नाही आणि मी जे लिहीन ते मंडळ छापणार नाही. तरी बसले आहे तर लिहून टाकते.

मुळ्यांचं पंचवटीत पूजेच्या सामानाचं दुकान. राहायला मात्र आमच्या कॉलनीत, मुंबई नाक्याच्या पुढे, दोन मजली बंगला. घरात अकरा माणसं. वर आक्का, म्हणजे सासूबाई. त्यांचे दोन मुलगे, दोन सुना, पाच नातवंडं आणि एक बहिरे काका. थोरली सून प्रभा, धाकटी सुनंदा. त्यांच्या मागच्या अंगणाची आणि माझ्या स्वयंपाकघरामागच्या परसाची भिंत एकच, छातीइतकी उंच. त्या भिंतीवरूनच प्रभावहिनींशी माझा सगळा संबंध.

आक्कांच्या घरी सोवळं कडक होतं. पाळी आली की बाईने चार दिवस कशाला शिवायचं नाही. मागच्या अंगणात एक खोली होती. लोखंडी कॉट, घोंगडी, वेगळं ताट, वेगळा तांब्या. चार दिवस तिथे बसायचं, कोणीतरी लांबून वाढेल ते खायचं. मी महापालिकेच्या दवाखान्यात परिचारिका. नांदगावकडून बदली होऊन आले, शेजारी हे पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. वस्त्यांमधून बायका गोळा करून विटाळ कसा खोटा हे सांगणं हे माझं कामच होतं. पगार त्याचा मिळत होता. पहिल्याच महिन्यात प्रभावहिनी खोलीत बसलेल्या दिसल्या तशी मी भिंतीशी जाऊन उभी राहिले आणि पंधरा मिनिटं त्यांना समजावलं. शरीर काय, रक्त काय, ह्यात घाण काहीच नाही, तुम्ही शिकलेल्या दिसता, नाही म्हणायला शिका.

त्या मान खाली घालून ऐकत होत्या असं मला वाटलं. मग म्हणाल्या, "सिस्टर, झालं असेल तर जरा डावीकडे सरकता का? माझ्या कागदावर तुमची सावली पडत्येय."

तेव्हा मी पाहिलं. मांडीवर पाट, पाटावर कागद. त्या लिहीत होत्या.

कागद दुकानातले. 'सत्यनारायण पूजेचे साहित्य' अशी छापील यादी असायची, एका बाजूला हळद, कुंकू, सुपाऱ्या, नारळ, दुसरी बाजू कोरी. गिऱ्हाईकाला द्यायच्या याद्यांचे गठ्ठे घरी येऊन पडत. त्या कोऱ्या बाजूला प्रभावहिनी कथा लिहीत. बारीक, तिरपं, समास न सोडता. लिहून झालं की गठ्ठा दुकानातल्याच लाल नाड्याने बांधायचा आणि कॉटखालच्या पत्र्याच्या पेटीत टाकायचा.

त्या उंच आणि हाडकुळ्या होत्या. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत, हातांकडे बघत. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "तोंड तयारी करून आलेलं असतं. हातांना कोणी काही सांगून ठेवलेलं नसतं." जीभ तिखट. नवऱ्याबद्दल म्हणायच्या, "मी चार दिवस आत बसले तर आमचे हे चौथ्या दिवशी विचारतात, तेल बदललंय का?" गरीब बिचाऱ्या सुना कादंबऱ्यांत असतात तशा त्या नव्हत्या. त्यांना कोणाची फार दया येत नसे. कॉलनीत कोणी गेलं की त्या भेटायला जायच्या आणि परत आल्यावर रडणाऱ्यांपैकी कोणाचं लक्ष चहाकडे होतं ते मला सांगायच्या.

बाकीचे सव्वीस दिवस त्यांना लिहायला मिळत नसे. मिळत नसे म्हणजे खरंच नाही. पहाटे सोवळ्याचं पाणी, मग अकरा माणसांचा स्वयंपाक, दुकानात दोन डबे, दुपारी वाती आणि वस्त्रं करायची, ती दुकानात विकली जात. एकदा त्यांनी ओट्यापाशी उभं राहून दोन ओळी लिहायचा प्रयत्न केला. आक्का मागून आल्या.

"काय लिहितेस?"

"यादी. वाण्याची."

"वाच बघू."

प्रभावहिनींनी कथेच्या पानाकडे बघत न अडखळता वाचलं. हरभऱ्याची डाळ दोन किलो, पोहे तीन किलो, शाबूदाणा, जिरं, हिंगाची डबी. आक्का म्हणाल्या, पोहे चार लिही. संध्याकाळी तेवढं सगळं सामान घरात येऊन पडलं. आधीचं शिल्लक होतंच. पुढचे पंधरा दिवस मुळ्यांकडे सकाळ-संध्याकाळ पोहे. "माझी पहिली कथा, जी सगळ्या घराला पचवावी लागली," हे त्यांनी मला खोलीतून सांगितलं, अर्थात पुढच्या पाळीला.

मी विचारायची, कुठे पाठवत का नाही? नाशकात दिवाळी अंक निघतात, पुण्यात निघतात.

"पाठवीन की. त्यात कोण आहे माहितीये? आक्का आहेत, हे आहेत, सुनंदा आहे, समोरचे इन्स्पेक्टर आहेत. छापून आलं तर मला ह्या घरात ताट कोण वाढेल?"

"म्हणजे धीर होत नाही."

"लिहायचा होतो. जेवायचं सोडायचा होत नाही."

आता सुनंदाबद्दल लिहायला हवं, नाहीतर ही गोष्ट फार सोयीची होईल. प्रभावहिनींचे चार दिवस सुनंदाच्या पाठीवर उभे होते. त्या आत बसल्या की अकरा माणसांचं सगळं एकटीने करायचं. उलट बाजूने तसं होण्याचा प्रश्नच नव्हता, कारण दोन मुलं झाल्यावर छत्तिसाव्या वर्षी एका डॉक्टरने सुनंदाची गर्भपिशवी काढून टाकली होती. किरकोळ तक्रार होती, गोळ्यांनी भागलं असतं. प्रभावहिनींचं त्यावरचं म्हणणं मी विसरले नाही. "पिशवी काढली आणि वर्षाचे अठ्ठेचाळीस दिवस फुकट घालवले. मला विचारायचं तरी."

महालक्ष्म्यांच्या सणाला कॉलनीतल्या बायका पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या माझ्याकडे मागत. एका वर्षी आदल्या दिवशी सुनंदा भिंतीशी आली. "शैलाताई, हिला द्या हो गोळी. ताकातून द्या, कशातूनही द्या. उद्या चाळीस पानं उठायची आहेत." ती गेल्यावर तासाभराने प्रभावहिनी आल्या. त्यांना उलटी गोळी हवी होती. चाराचे सहा दिवस करता येतील का? मी दोघींनाही काही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी प्रभावहिनी खोलीत बसल्या. सुनंदाने चाळीस पानं एकटीने वाढली. पुरण वाटताना तिचा हात सुजला, मी रात्री पट्टी बांधून दिली. त्या दुपारी मी भिंतीवरून पाहिलं तर प्रभावहिनी लिहीत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला चीड आली.

माझ्या चिडीचं दुसरंही कारण होतं. आक्कांकडे इंजेक्शन द्यायला, रक्तदाब बघायला मी नेहमी जायची. चहा मिळायचा. माझा कप वेगळा असायचा, काचेचा, फुलं काढलेला, इतरांच्या स्टीलच्या पेल्यांपेक्षा दिसायला चांगलाच. आमच्या घरातल्या तसबिरी आक्कांनी एकदाच पाहिल्या होत्या. तेवढ्यावर कप ठरला होता. मी तो चहा पीत होते. शेजार होता, म्हातारी आजारी होती, मी कामाची माणूस आहे.

एका पावसाळ्यात प्रभावहिनी दवाखान्यात आल्या. रांगेत उभ्या राहिल्या, केसपेपर काढला, माझ्यासमोर येऊन बसल्या. पन्नाशी झाली होती. "सहा महिने झाले, सिस्टर." घाम येतो, झोप लागत नाही, ते त्यांनी नंतर सांगितलं. आधी विचारलं ते हे, "परत सुरू करता येते का?"

मी नाही म्हटलं. गाठ निघाली असं ऐकावं तसं त्यांनी ते ऐकलं. मग केसपेपरच्या चार घड्या घातल्या आणि तो पर्समध्ये टाकला.

"आक्कांना कळता कामा नये."

"दवाखान्यातलं मी बाहेर बोलत नाही."

खरी बंद पडली तेव्हापासूनच त्या खोटी पाळी पाळत होत्या. तीन वर्षं. फार हुशारीने. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला नाही, कधी दोन दिवस आधी, कधी पाच दिवस उशिरा. "खरं फार नेमकं असलं की खोटं वाटतं," म्हणायच्या. सुनंदा कचऱ्यावर नजर ठेवून असायची, म्हणून दुकानातलं हलक्यातलं कुंकू पाण्यात कालवून कापडाला लावायच्या. एकदा भिंतीवरून मला दाखवलं. "रंग जरा जास्तच सौभाग्याचा आलाय, नाही?" मी हसले. हसायला नको होतं, पण हसले.

तो तिसऱ्या वर्षीचा पौष. प्रभावहिनींनी भिंतीवरून नाड्याने बांधलेली बारा पानं माझ्या हातात दिली. त्यांनी आजवर कोणाला वाचायला दिलं नव्हतं. "उद्या परत द्या. मत द्यायचं नाही."

मी खूश झाले. तीन वर्षं तोंड बंद ठेवल्याचं हे बक्षीस असावं. जेवणाच्या सुट्टीत दवाखान्याच्या मागच्या बाकावर बसून वाचलं.

कथेत एक नर्स होती. वस्तीवस्तीत जाऊन सांगायची की कोणत्याही बाईचा विटाळ नसतो, माणसाला माणूस शिवल्याने काही होत नाही. चांगलं बोलायची. बायका ऐकायच्या. मग ती एका घरी रक्तदाब बघायला जायची, तिला वेगळ्या कपात चहा मिळायचा, तो ती प्यायची, आणि उठून कप स्वतः नळाखाली विसळून खिडकीत पालथा घालून ठेवायची. इतरांचे पेले मोरीत, तिचा एकटीचा कप खिडकीत. तिला तसं करायला कोणीच सांगितलेलं नव्हतं. कथेच्या शेवटी ती रजेवर असते आणि तिच्या जागी आलेली नवीन नर्स कप तिथेच ठेवून निघून जाते, तर ही दुसऱ्या दिवशी येऊन तोही विसळते.

मी नऊ वर्षं तो कप विसळत होते. माझ्या लक्षातही आलं नव्हतं. माझ्या हातांना कोणी काही सांगून ठेवलेलं नव्हतं.

कथा चांगली होती. तेही मला त्याच बाकावर कळलं.

पानं परत देताना मी म्हटलं, "नाव बदलायचं होतं."

"बदललंय की. ती सुशीला आहे."

"माणूस नाही बदललं."

"तेच बदललं तर लिहू काय?" त्यांनी पानं घेतली, सगळी आहेत का ते पाहिलं, आणि आत गेल्या. मला लागलं असेल असं त्यांच्या मनात आलं नसेल असं नाही. आलं असणार. त्यांनी माझे हात बघितले होते.

आठ दिवसांनी कॉलनीच्या सभागृहात संक्रांतीचा कार्यक्रम होता. हळदीकुंकू, तिळगूळ, आणि मध्ये आरोग्यावर माझं भाषण. चाळीस-पन्नास बायका. पहिल्या ओळीत आक्का, त्यांच्या मागे दोन्ही सुना. मी माझं नेहमीचं बोलले. बाजूला बसवणं बंद करा, मुलींच्या मनात घाण भरू नका. तर आक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या, "नर्सबाई, तुमचं चालू द्या. पण आमच्या घरात आमची थोरली अजून सगळं पाळते. विचारा तिला, काही त्रास आहे का. पुढच्या पंधरवड्यात बसेलच ती."

सगळ्या बायका प्रभावहिनींकडे बघायला लागल्या. प्रभावहिनी माझ्याकडे बघत होत्या. ह्या वेळी हातांकडे नाही, तोंडाकडे.

मी म्हटलं, "तुमच्या थोरल्या सुनेची पाळी बंद होऊन तीन वर्षं झाली, आक्का."

आधी कोणाला काही कळलं नाही. मग मागच्या ओळीत एकजण फिसकन हसली आणि हसू पुढे पुढे येत गेलं. सुनंदा हसली नाही. ती बोटांवर काहीतरी मोजत होती. मी भाषण पुढे चालू केलं, रक्तवाढीच्या गोळ्या रोज घ्या वगैरे, आणि टाळ्या झाल्या.

मला त्या रात्री छान झोप लागली. खोटं कशाला लिहू.

आक्कांनी आरडाओरडा केला नाही. बाजूला बसण्यातून आता थोरली मोकळी, धाकटी आधीच मोकळी, तर खोलीची गरज काय, एवढंच त्या म्हणाल्या. दोन दिवसांत कॉट वर गेली आणि खोलीत धूप-कापराची खोकी लागली. मुळ्यांच्या घरातलं बाजूला बसणं बंद झालं ते असं. नवऱ्याने प्रभावहिनींना एकच वाक्य ऐकवलं, तीन वर्षं देवाला फसवलंस. त्यावर त्या म्हणाल्या, "देवाला माहीत होतं. त्यानं तोंड नाही उघडलं." हे मला सुनंदाने मुद्दाम येऊन सांगितलं.

सुनंदाने जे मोजलं होतं ते तीन वर्षांचे एकशे चव्वेचाळीस दिवस. ते तिने वसूल केले. दर महिन्याला चार दिवस ती पलंगावर पाय पसरून बसायची, टीव्ही बघायची, भिंतीवरच्या कॅलेंडरवर काट मारायची. घरात कोणी तिला काही बोललं नाही.

आणि पत्र्याची पेटी. खोली रिकामी करताना आक्कांनी गठ्ठे बघितले. त्यांना वाचायला येत होतं, पण त्यांनी वाचलं नाही. उलटी बाजू पाहिली. याद्या चांगल्या होत्या, छपाई स्वच्छ होती, टाकायच्या कशाला. सगळे गठ्ठे दुकानात गेले. पुढचं वर्ष-दीड वर्ष पंचवटीतल्या त्या दुकानातून जो कोणी सत्यनारायणाची यादी घेऊन गेला त्याला मागच्या बाजूला प्रभावहिनींच्या कथेचं एकेक पान फुकट मिळालं. मागचंपुढचं काही नाही, मधलंच पान. एका बाळाच्या लसीकरणाला आलेल्या बाईच्या पिशवीत मला एक सापडलं. त्यात समोरचे इन्स्पेक्टर बायकोच्या साडीला इस्त्री करत होते. मी ते पान मागून घेतलं आणि संध्याकाळी भिंतीवर दगडाखाली ठेवलं. सकाळी दगड होता, पान नव्हतं. प्रभावहिनी माझ्याशी बोलत नव्हत्या. पाच वर्षं बोलल्या नाहीत. पण त्या दिवशी सुनंदाला म्हणाल्या म्हणे, "दिवाळी अंकालासुद्धा एवढी घरं मिळत नाहीत."

मधल्या काळात आक्का गेल्या. मला वाटलं, आता ह्या बाईचे दिवस मोकळे झाले. तेरावा झाला आणि आक्कांच्या खुर्चीत सुनंदा बसली. तेवढंच. प्रभावहिनींच्या पोळ्या कमी झाल्या नाहीत.

मग त्या पडल्या. स्वयंपाकघरात ओल्या फरशीवर. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, प्लेट बसवली, आणि घरी आणल्यावर जिना चढवता येईना म्हणून मागच्या खोलीतली खोकी काढून तिथेच ठेवलं. सुनंदा भिंतीशी आली. "शैलाताई, ड्रेसिंगला याल का? ती तुमच्याशी बोलत नाही, पण दुखणं ते दुखणं." मी गेले. पट्टी सोडत असताना प्रभावहिनी पाच वर्षांतलं पहिलं वाक्य बोलल्या.

"हात थंड आहेत तुमचे. मी गरम लिहिले होते. चुकलंच."

पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलाने त्यांना फुलस्केप वह्या आणून दिल्या होत्या. पहिल्यांदाच दोन्ही बाजूंनी कोऱ्या. सकाळची पट्टी झाली की त्या लिहायला लागत ते जेवणापर्यंत, पुन्हा दुपारी, पुन्हा दिवेलागणीपर्यंत. मी पंजा हलवा म्हणायची, मांडी घट्ट करून सोडा म्हणायची. त्या म्हणायच्या, "मी दुसऱ्या कामात आहे." सहा आठवड्यांत तीन वह्या झाल्या.

पुढे त्या कधीच चालल्या नाहीत. चौदा महिने त्या कॉटवर होत्या. पाठीला जखमा झाल्या, त्या मी धुतल्या. जखमांना वास यायचा आणि तो प्रभावहिनींनाही येत होता. ह्या चौदा महिन्यांत त्यांनी एक कथा खरंच पाठवली, पाकीट मीच टपालात टाकलं, आणि ती एका लहानशा दिवाळी अंकात छापून आली. पिशवी काढलेल्या धाकट्या जावेची कथा होती. सुनंदाने ती वाचली आणि दोन दिवस प्रभावहिनींना लघवीचं भांडं दिलं नाही. मी चादरी बदलल्या. तिसऱ्या दिवशी सुनंदाने तोच अंक समोरच्या घरी वाचायला दिला. "माझ्यावर आहे," म्हणाली. शेवटी प्रभावहिनींची छाती भरली आणि त्या गेल्या. अकरा वह्या मुलाकडे आहेत. तो त्यांचं काय करणार आहे मला माहीत नाही.

माझ्या डोळ्यांपुढे मात्र त्या येतात त्या सहा आठवडे पुरे झाले त्या दुपारच्या. मुलगा एक्स-रे घेऊन डॉक्टरांना दाखवून आला, चिठ्ठी माझ्या हातात दिली, भाड्याने आणलेला वॉकर दारात ठेवला आणि पुण्याची गाडी गाठायला निघाला. "काकू, तुम्हीच बघा काय ते." चिठ्ठीत लिहिलं होतं, हाड जुळलं आहे, उद्यापासून वॉकरने चालवा, रोज थोडं वाढवा.

मी खोलीत गेले. त्या लिहीत होत्या.

"काय म्हणतोय डॉक्टर?"

"उद्यापासून उभं राहायचं."

"आणि परवापासून सुनंदा पोळपाट आणून ठेवेल. बसून लाटा म्हणेल."

"मी बोलते तिच्याशी. रोजचे दोन तास तुमचे तुम्हाला..."

"तुम्ही कोणाशी काही बोलू नका, सिस्टर. तुमचं बोलणं मी एकदा ऐकलंय."

मी कॉटच्या कडेला बसले आणि जे आहे ते सांगितलं. आता उठला नाहीत तर मांड्या वाळतील, मग कोणी उभं करू शकणार नाही. पाठ फुटेल, छाती भरेल. ह्या वयात बाया मोडलेल्या हाडाने मरत नाहीत, पडून राहिल्याने मरतात.

"किती दिवसांत?"

"कोणाचं वर्ष. कोणाचं दोन."

"वर्ष," त्या म्हणाल्या. बोट ओठावर ठेवून विचार केला. "म्हणजे सगळेच्या सगळे दिवस?"

मी चिठ्ठीची घडी घातली.

"माझे दिवस तुम्ही घेतलेत. परत द्या असं म्हणत नाही, ते तुमच्याकडे नाहीतच. नुसतं गप्प बसा. एवढं जमेल ना?"

स्वयंपाकघरातून सुनंदाचा आवाज आला, "शैलाताई, काय म्हणाले हो? कधी उठवायचं हिला?"

"अक्षर लागत नाही," मी ओरडून सांगितलं. "उद्या नीट वाचून सांगते."

उठताना पाहिलं तर प्रभावहिनींनी वही पुन्हा पोटावर ओढली होती. डाव्या हाताने पान दाबून धरलेलं, त्या हातावरच्या शिरा फुगलेल्या, चादरीखाली पाय लाकडासारखा सरळ. ओठ हलत होते, कोणाचं तरी बोलणं जुळवत असाव्यात. मी हो म्हटलंय की नाही हे बघायलाही त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी मुळ्यांकडे गेले. सुनंदा कणीक मळत होती. हाड अजून कच्चं आहे, म्हटलं, पाय टेकवायचा नाही, मी सांगेपर्यंत उठवायचं नाही. किती दिवस, तिने विचारलं. ते मी सांगेन, म्हटलं. मग दारातला वॉकर मिटवून घरी आणला, माळ्यावर टाकला, आणि नऊच्या ड्युटीला गेले.